गावमाप, सरकारमाप

शालिग्राम गुरुजींनी एकतीस वर्षांच्या नोकरीत जेवढे अर्ज लिहिले, तेवढे सगळ्या बीबी गावाने मिळून लिहिले नसतील. शाळेच्या गळक्या कौलांपासून क्रमिक पुस्तकातल्या चुकलेल्या उदाहरणापर्यंत जिथे जिथे त्यांना खोट दिसली, तिथे तिथे त्यांनी बुलढाण्याला लिहिले. कागदाला समास सोडून, ‘सविनय सादर’ने आरंभ करून, टपोऱ्या अक्षरात. बुलढाण्याहून बहुधा काही येत नसे. आलेच तर अर्ज पोहोचल्याची पोच येई, आणि ती गुरुजी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवीत. ती पेटी भरत आली होती. त्या सगळ्यांत एकच अर्ज असा होता, की तो लिहिला नसता तर बरे झाले असते असे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. तो मापांच्या नावांविषयी होता.

गुरुजी मूळचे हिवऱ्याकडचे. घरची थोडी कोरडवाहू जमीन थोरल्या भावाकडे सोडून ते बुलढाण्याला शिकले, आणि मास्तर होऊन बीबीला आले ते तिथलेच झाले. फरक एवढाच, की गाव जे बोले ते त्यांनी कधी बोलायचे मनावर घेतले नाही. बाजारात भाजीवालीशीदेखील ते पुस्तकात छापल्यासारखे बोलत. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई मात्र दोन वर्षांतच गावासारखी बोलू लागली होती, आणि नवऱ्याला म्हणायची, “तुमाले वांगे महागच भेटतीन. बोलनंच तसं हाय तुमचं.”

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष उलटत होते, तेव्हा शाळेत परिपत्रक आले. पाठोपाठ एक रंगीत तक्ता आला. जुनी वजने-मापे जाऊन दशमान पद्धती येत आहे, तिचे शिक्षण मुलांना व मुलांमार्फत ग्रामस्थांना द्यावे, असा हुकूम होता. तक्त्यावर डेकाग्राम, हेक्टोग्राम, डेसिलिटर अशी नावे एकाखाली एक उभी होती. गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली, मुलांकडून घोकून घेतली. आठ दिवसांनी त्यांनी वर्गाला विचारले, की काल घरी ज्वारी किती आणली. एका मुलीने उभे राहून दोन हेक्टोग्राम असे सांगितले. दोन हेक्टोग्राम म्हणजे दोन ओंजळीदेखील नव्हे. तिच्या घरात माणसे नऊ होती.

त्या दिवसापासून गुरुजींच्या डोक्यात नावांचा विषय शिरला. किलो आणि लिटर हे लोक शिकतील, त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. लोक मोटार शिकले, इंजेक्शन शिकले. त्यांचे दुखणे वेगळे होते. दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत असताना आपण कोणत्या पद्धतीत बोलत आहोत हे सांगणारे नावच लोकांपाशी नव्हते. ‘दशमान’ हे नाव ज्याला समजले त्याला ते आधीच ठाऊक असायचे. ‘नवे माप’ म्हणावे, तर गावातले म्हातारे अजून ऐंशी तोळ्यांच्या शेराला नवा शेर म्हणत. तो इंग्रज सरकारने त्यांच्या तरुणपणी आणला होता. शिवाय आज जे नवे, ते वीस वर्षांनी कशाला नवे राहील. गुरुजींनी रात्री जागून नव्हे, तर भर दुपारी, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता ठरवले, की नाव असे पाहिजे, जे ऐकताच माणसाला ते माप कुणाच्या हुकमातले आहे ते कळावे. जे सरकारने पाठवले ते सरकारमाप. जे गावात आहे ते गावमाप. कोणत्याही निरक्षर बाईला एकदा सांगितले की पुरे.

सरकारमापाचा तक्ता सरकारनेच छापून दिला होता. गावमापाचा तक्ता कुणीच केलेला नव्हता. तो करायला गुरुजी निघाले, आणि पहिल्यांदा गेले ते उकंडरावाकडे.

उकंडराव हा बीबीच्या बाजाराचा मापारी. त्याच्या आधीची तीन भावंडे बाळपणीच गेली, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणले आणि तेच नाव ठेवले. त्याचा बाप मापारी, आजा मापारी. बाजाराच्या दिवशी धान्याच्या राशीपुढे गुडघे टेकून तो बसे. पितळी पायली राशीत खुपसायची, वर काढायची, काठावर दाण्यांची टोकदार शीग चढवायची आणि पोत्यात ओतताना मोठ्याने मोजायचे. पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. विकणारा आणि घेणारा, दोघेही त्याच्या हाताकडे पाहत. त्याच्या शिगेत दाण्यांचा फरक पडत नाही, अशी आसपासच्या दहा गावांत ख्याती होती. मापाबद्दल प्रत्येक राशीतून त्याला ओंजळभर धान्य मिळे, आणि त्या ओंजळींवर त्याचे नि त्याच्या बायकोचे, गीताबाईचे, घर चाले. जमीन त्याला नव्हती. होती ती पायली.

“उकंडराव,” गुरुजींनी विचारले, “तुमच्या या मापाला काय म्हणतात?”

“पायली म्हनतेत जी. दुसरं काय म्हनतीन?”

“पण पायली हिंमतरावांकडेही आहे.”

“ते हिंमतरावाची. मारोतीच्या देवळात हाय ते मारोतीची. जानराव तेल्याकडं हाय ते तेल्याची. हे बाजाराची, नाई तं उकंड्याची म्हना.”

“आणि सगळ्या सारख्या?”

उकंडराव हसला. “सारख्या असत्या तं नावं कायले ठेवली असती लोकायनं?”

गुरुजींना आनंद झाला. गेले कित्येक महिने ते जे शोधत होते, ते गावाने पूर्वीच करून ठेवले होते. गावाचे प्रत्येक माप मालकाच्या नावाने ओळखले जात होते, आणि त्या नावात ते किती भरते, कोण भरतो, शीग चढवतो की हाताने पुसून सपाट करतो, हे सगळे येत होते. आता प्रत्येकापुढे सरकारमापाचा आकडा लिहिला की काम संपले. गावमापात बोलणारा आणि सरकारमापात बोलणारा एका भिंतीपुढे उभे राहून एकमेकांना समजून घेतील.

त्यांनी सोसायटीचा तराजू आणि शिक्क्याची वजने दोन दिवसांसाठी मागून आणली. घरोघर जाऊन मापे मागितली. लोक आधी बिचकले. मापे घराबाहेर जात नसत, ती कोनाड्यात हळदकुंकू लावून ठेवलेली असत. पण गुरुजी मागत होते. त्यांनी कित्येकांची पत्रे वाचून दाखवली होती, कित्येकांचे दाखले मिळवून दिले होते. सात मापे शाळेत आली. उकंडरावाने आपली पायली सर्वांत शेवटी, धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली. गुरुजींनी त्याच्याकडूनच ती ज्वारीने भरवली, आणि त्याने चढवलेल्या शिगेसकट ते दाणे तोलले. तीन किलो तीनशे ग्रॅम. पुन्हा भरवली, पुन्हा तेवढेच. तिसऱ्यांदा तराजूचा काटा किंचितही हलला नाही, तेव्हा उभ्या असलेल्या लोकांनी मान डोलावली. उकंडरावाने मान खाली घातली आणि राशीत उगाच हात फिरवला.

गुरुजींनी शाळेच्या दर्शनी भिंतीला चुना लावून तिच्यावर निळीने दोन रकाने काढले. डावीकडे ‘गावमाप’, उजवीकडे ‘सरकारमाप’. डावीकडे एकाखाली एक सात नावे लिहिली.

लिहीत असतानाच गीताबाई पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. तिला वाचता येत नव्हते, पण नवऱ्याची पायली शाळेत गेली आहे हे तिला ठाऊक होते. ती थांबली.

“गुरुजी, यात ह्यांचं नाव कुठं हाय?”

गुरुजींनी बोट ठेवून दाखवले.

“नाव काऊन लिवता जी? पायली लिवा, किती भरते ते लिवा. नाव कायले पायजे?”

“नावाशिवाय कळणार कसं, गीताबाई? पायल्या सात आहेत. आणि एक लक्षात ठेवा, उकंडरावांचं नाव इथं लिहिलं म्हणजे त्यांची पायली कागदावर आल्यासारखी झाली. उद्या अशी पायली नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. सरकारलासुद्धा नाही.”

“मंग बरं हाय,” ती म्हणाली. पण बरे आहे असे तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते.

हे त्यांनी तिला सांगितले होते, आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज लिहिला. शिक्षणखात्याने ‘गावमाप’ व ‘सरकारमाप’ ही दोन नावे सर्व शाळांत रूढ करावीत, आणि प्रत्येक गावाने आपल्या मापांचा तक्ता त्यांच्या रूढ नावांसह करावा. म्हणजे ज्या मापाऱ्यांची मापे खरी आहेत त्यांना नव्या व्यवस्थेत नव्या मापांवर नेमता येईल. उकंडरावाचे नाव त्यांनी उदाहरण म्हणून घातले, तीनदा केलेल्या तोलाचा आकडा घातला. अर्ज पाठवण्यापूर्वी त्यांनी तो उकंडरावाला वाचून दाखवला.

“मले नवी पायली देतीन?” उकंडरावाने विचारले.

“लिटरचं माप देतील. तुमचा हात खरा आहे, माप कोणतंही असो.”

“त्याले शीग असन का?”

“नाही. सपाट असतं.”

उकंडरावाने तळहात हवेत आडवा फिरवून पाहिला. मग म्हणाला, “सपाट तं सपाट. आपल्या हातानं मोजलं म्हंजे झालं.”

भिंत लोकांनी वाचली. ज्यांना येत नव्हते त्यांनी मुलांकडून वाचवून घेतली. बाजारात घासाघीस करताना ‘गावमापानं का सरकारमापानं’ असे विचारणे सुरू झाले. एकदा तर गुरुजींनी स्वतःच्या कानांनी एका परगावच्या बागवानाला तसे विचारताना ऐकले, आणि घरी येऊन ते अन्नपूर्णाबाईला दोनदा सांगितले. तिने दुसऱ्यांदा ऐकताना भाकरी परतली नाही, ती करपली, आणि तिने तिचा दोष कुणालाच दिला नाही. त्या दिवशी घरात आनंद होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी हिंमतराव शाळेत आले. ते गावचे सरपंच, दीडशे एकरांचे धनी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“गुरुजी, भिंतीवर आमचं नाव लिवलं म्हने.”

“सर्वांचंच लिहिलं आहे.”

“सर्वायचं लिवा ना. आमचं पुसा.”

त्यांच्या नावापुढे दोन किलो सातशे ग्रॅम असे होते. निंदायला, खुडायला येणाऱ्या बायांना ते मजुरीची ज्वारी त्याच पायलीने देत. बाया भिंतीपुढे उभ्या राहून बोटे मोजत होत्या, हे गुरुजींनी पाहिले होते, आणि पाहून त्यांना बरेही वाटले होते.

“आकडा चुकला असेल तर पुन्हा तोलू,” गुरुजी म्हणाले.

“चुकला कोन म्हनते. बरोबर हाय म्हनून तं पुसा म्हनून राह्यलो.” हिंमतराव शांतपणे बोलत होते. “शाळेची नवी खोली मंजूर करायची हाय ना यंदा? मंग तुमी पुसा, मी करतो.”

हिंमतराव फाटकाबाहेर पडायच्या आत गुरुजींनी ओली चिंधी घेतली. सातांतले एक नाव गेले, सहा राहिली. मनाची समजूत घालायला त्यांच्यापाशी कारण होते. शाळेला खोली हवी होती, दोन वर्ग एका खोलीत कोंबून बसत होते, त्याविषयीही त्यांनी चार अर्ज लिहिले होते. भिंतीवर जिथे नाव होते तिथे निळसर डाग राहिला. जुन्या दुखण्याचा डाग राहावा तसा.

मार्चअखेर जुन्या मापांची मुदत संपली. दवंडी झाली, की आजपासून जुने माप बाळगणे गुन्हा. गावाने दवंडी ऐकली आणि मोजायचे ते मोजत राहिले. लिटरची मापे बाजारात आलीच नव्हती. तराजू होता तो एकट्या सोसायटीत, आणि बाजारात राशी असत तीस-चाळीस. उकंडरावाची पायली चालू राहिली, कारण तिच्यावाचून बाजार उभा राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाई शाळेत आली. मुले कवायत करत होती.

“गुरुजी, मुदत सरली म्हनते. ह्यांचं नाव पुसून टाका जी.”

“पुसायचंच आहे, गीताबाई. पण या महिन्यात परीक्षा पाहायला शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. त्यांना ही भिंत दाखवायची आहे. त्यांनी पाहिली, वर कळवलं, की उकंडरावांचं काम झालंच. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.”

“पंधरा दिवसांत कोनी आलं तं?”

“कोण येणार?”

ती भिंतीकडे पाहत होती. तिला अक्षरे कळत नव्हती, पण डाग कळत होता.

“हिंमतरावाचं पुसलं ना जी तुमी.”

“ते वेगळं होतं.”

“हाव,” गीताबाई म्हणाली. “वेगळंच असन ते.”

ती गेली. गुरुजींच्या हाताशी पाणी होते, चिंधी होती. त्यांनी मुलांची कवायत पुढे चालवली. संध्याकाळी उकंडराव स्वतः वाटेत भेटला, तेव्हा उलट तोच त्यांची समजूत घालत होता. “बाईमानूस हाय जी, भेते. राहू द्या भिंत. तुमी लिवलं त्यात वाईट काय असन.”

आठवड्याने बाजाराच्या दिवशी, सकाळच्या शाळेत, पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ आत आले. बरोबर एक शिपाई होता, त्याच्या खांद्याला गोणपाटाची पिशवी. ऊन तापू लागले होते. गृहस्थांनी प्यायला पाणी मागितले, आणि पाणी पिता पिता भिंत पाहू लागले.

“अक्षर फार सुबक आहे,” ते म्हणाले. “कुणाचं?”

“माझंच,” गुरुजी म्हणाले.

“मी बुलढाण्याहून आलो. मापांच्या कामासाठी.”

पेटीतल्या एवढ्या सगळ्या पोचपावत्यांनंतर एकदा तरी माणूस आला होता.

“माझा अर्ज मिळाला म्हणायचा.”

“अर्ज येतच असतात,” गृहस्थ म्हणाले, आणि खिशातून वही काढली. “ही नावं तुम्ही दिलीत?”

“नावं गावाचीच. मी फक्त वर दोन मथळे घातले. गावमाप आणि सरकारमाप. ‘जुनं’ आणि ‘नवं’ याने घोटाळा होतो, त्याचं सविस्तर कारण मी अर्जात दिलं आहे. ऐकणाऱ्याला चटकन कळलं पाहिजे, की…”

“चटकन कळतं,” गृहस्थ म्हणाले. ते नावे उतरवून घेत होते. “हे माप कुठे असतं? मारोतीचं?”

“देवळात, समईच्या बाजूला.”

“तेल्याचं?”

“त्याच्या ओट्यावरच. तो सज्जन माणूस आहे.”

“आणि हे? तीन किलो तीनशे?”

“तिच्यासाठी तर मुद्दाम यावं,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चपला घातल्या. “चला, मीच दाखवतो. आज बाजारच आहे.”

वर्ग मॉनिटरवर सोपवून ते स्वतः पुढे चालले. वाटेत त्यांनी शिगेविषयी सांगितले, तिसऱ्यांदा न हललेल्या काट्याविषयी सांगितले. गृहस्थ ‘अस्सं’ म्हणत होते. शिपाई मागे चालत होता, आणि त्याच्या पिशवीत लोखंडावर लोखंड वाजत होते. तो आवाज गुरुजींनी ऐकला. त्याचा अर्थ लावायला त्यांना सवड नव्हती.

उकंडराव एका गव्हाच्या राशीपुढे बसला होता. “लाभ,” तो म्हणाला, आणि पायली ओतली. “दोन.”

“लाभ म्हणजे?” गृहस्थांनी विचारले.

“पयलं माप जी. एक नसते म्हनत. एक म्हनलं का तिथंच सरते,” उकंडराव वर न पाहता म्हणाला. मग त्याने गुरुजींना पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “हे सायब का जी ते?”

गुरुजींनी होकारार्थी मान हलवली.

गृहस्थांनी पायली हातात घेतली, उलटी केली, काठावरून बोट फिरवले. “कुणाची ही?”

“माझी जी. भिंतीवर हाय ना.”

गृहस्थांनी शिपायाकडे पाहिले. शिपायाने पिशवीतून छन्नी आणि हातोडा काढला.

तेव्हा गुरुजींना समजले. “अहो, थांबा,” ते म्हणाले. “तो तक्ता तुलनेसाठी आहे. लोकांना समजावं म्हणून परिपत्रकाप्रमाणे केला आहे. आपण शिक्षणखात्याचे ना?”

“वजनमापांचा निरीक्षक आहे मी. सांगितलं ना, मापांच्या कामासाठी आलो म्हणून.”

“सायब, शिक्का हाय तिच्यावर,” उकंडराव म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. “हे पाहा काठाले. माह्या बापानं मेहकरले नेऊन मारून आनला.”

“तो त्या सरकारचा. आता चालत नाही.”

“मंग तुमचा मारा जी. मी थांबतो.”

निरीक्षक वाईट माणूस नव्हता. तो वहीत तारीख लिहू लागला. शिपायाने पायली दगडावर आडवी धरली, आणि काठापासून तळापर्यंत समोरासमोर दोन चिरा पाडल्या. गव्हाचे काही दाणे आत चिकटून राहिले होते, ते खाली पडले. आजूबाजूच्या राशींवरची माणसे जवळ आली होती. उकंडराव पुन्हा राशीपुढे बसला. त्याचे हात मांडीवर पालथे होते.

“पंचनाम्याला सही लागेल,” निरीक्षक म्हणाला. “गुरुजी, तुम्ही सुशिक्षित आहात, आणि दाखवलंतही तुम्हीच. पंच म्हणून तुम्हीच करा.”

गुरुजींनी कागद वाचला. त्यात लिहिले होते, धातूचे अनधिकृत घनमाप, नग एक.

“यात उकंडरावांची पायली असं लिहिता येणार नाही का?” गुरुजींनी विचारले. आपण हे का विचारतो आहोत, त्यांनाही सांगता आले नसते.

“नाव कशाला पाहिजे? नग एक पुरे.”

गुरुजींनी सही केली. सहीखाली तारीख घातली. अक्षर नेहमीसारखेच आले होते, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्याचाच राग येत राहिला.

दुपारपर्यंत मारोतीची पायली गेली, जानराव तेल्याची गेली. भिंतीवरच्या सहाही मापांना चिरा पडल्या. हिंमतरावांच्या वाड्यावर निरीक्षकाने चहा घेतला. तिथे त्याला काही सापडले नाही, कारण तिथे काही शोधायचे आहे असे कुठे लिहिलेले नव्हते.

संध्याकाळी गुरुजींनी एकट्याने भिंत धुतली, आणि वर चुना दिला. महिनाअखेर शिक्षणखात्याचे साहेब खरेच आले. “इथं काही तक्ता होता म्हणे,” असे त्यांनी विचारले. “नाही,” गुरुजी म्हणाले. साहेबांनी पुढचा वर्ग मागवला.

उकंडरावावर मेहकरला खटला झाला. ताकीद देऊन त्याला सोडले, पायली तिथेच राहिली. बाजारात मोजायला एका व्यापाऱ्याने तराजू आणि आपला माणूस बसवला. उकंडराव काही दिवस सवयीने बाजारात जाई, राशीपासून हातभर अंतरावर बसे. मग ते अंतर वाढले. मग तो घराच्या ओट्यावरच बसू लागला, आणि पुढच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. अंत्ययात्रेला गुरुजी गेले. कुणी त्यांना येऊ नका म्हणाले नाही, आणि या असेही म्हणाले नाही.

गावातली मापे मात्र गेली नाहीत. महिनाभरात घराघरांत डबे, गडवे, कापलेले कनस्तर, कुठे मिठाची जुनी बरणी, अशी माप म्हणून उभी राहिली. प्रत्येक वेगळे. पूर्वी माप वेगळे असले तरी त्याला नाव होते. आता कुणीच नाव घेत नव्हते. गुरुजींच्या देखत तर नाहीच. बाजारात शेजारणीला शेजारीण विचारी, “कशानं मोजलं?” आणि उत्तर येई, “त्यानंच.” ‘गावमाप’ हा शब्द लोकांनी असा टाकला, की जणू तो कधी कुणाच्या तोंडी आलाच नव्हता. ‘सरकारमाप’ हा शब्द राहिला. ज्याचे नाव घेतले की घात होतो असे काही निघाले, की पोरे त्यालाच ‘सरकारमाप’ म्हणत.

अर्जाचे उत्तर दीड वर्षाने आले. छापील कागद होता, मोकळ्या जागेत शाईने तारीख भरली होती. आपली सूचना पोहोचली, पद्धतींची नावे शासनाने निश्चित केलेली असल्याने त्यात बदल संभवत नाही. गुरुजींनी ते पेटीत ठेवले. त्यानंतर त्यांनी अर्ज लिहिले नाहीत. शाळेची नवी खोली झाली होती. तिच्यात बसून ते किलो-लिटर शिकवीत. मुले पाठ करीत. घरी काय आणले, कशाने मोजले, हे त्यांनी मुलांना पुन्हा विचारले नाही.

सुगीच्या दिवसांत एकदा ते हिंमतरावांच्या खळ्यावरून चालले होते. कणसे खुडून आलेल्या बायांना मजुरी वाटली जात होती. गीताबाई लुगड्याच्या ओच्यात ज्वारी घेऊन बाहेर आली. ती आता तिथेच कामाला जात असे. आत एक गडी लाकडी पायली भरून तळहाताने सपाट पुसत होता. ती पायली गुरुजींनी ओळखली. एकदा ती त्यांच्या तराजूत बसली होती. तिचा आकडा सांगू शकणारे आता गावात आपण एकटेच उरलो, असे त्यांना वाटले.

त्यांनी इकडे तिकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “गीताबाई, ती पायली दोन किलो सातशेची आहे. बाजाराची तीन तीनशेची होती. दर पायलीला सहाशे ग्रॅम कमी मिळतात तुम्हाला.”

गीताबाईने ओच्याची गाठ घट्ट केली.

“मालूम हाय जी,” ती म्हणाली. “लिवलं होतं ना तुमी. मंग पुसलं.”

आणि ती आपल्या वाटेने निघाली. गुरुजी बाजूला सरले, तिला जायला जागा झाली.